कसारा घाटातले बँकर

घाटात मालगाडीचा फोटो काढायचा तर तो मागून काढावा, असं माझं ठाम मत झालं आहे. पुढच्या इंजिनाचा फोटो सगळेच काढतात, मीही काढतो. पण कसारा ते इगतपुरी या चढावर गाडीची बरीचशी ताकद शेपटाला असते. तिथे लावलेली जादा इंजिनं म्हणजे बँकर. पावसाळा ओसरल्यावर कॅमेरा घेऊन कसाऱ्याला गेलो तो मुख्यतः त्यांच्यासाठीच.

पहाटेची कसारा लोकल पकडली. आटगाव, खर्डी मागे पडलं तसा डबा रिकामा होत गेला आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकले. उंबरमाळीनंतर मी दारापाशी जाऊन उभा राहिलो, कारण कसारा यायच्या आधीच बाजूच्या रुळांवर काय उभं आहे याचा अंदाज घेता येतो. मालगाडीला वेळापत्रक नसतं. प्रवासी गाड्या मोबाइलवर सापडतात, मालगाडी मात्र डोळ्यांनी आणि कानांनीच शोधावी लागते. त्या दिवशी नशीब चांगलं होतं. कंटेनरची एक लांबलचक रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी जोडलेली रांग, उभीच होती.

रेक का थांबली होती, हे पाच मिनिटांत कळलं. मागून दोन डब्ल्यूएजी-७ (मालगाडीची विजेवरची इंजिनं) एकमेकांना जोडलेल्या, अगदी पावलापावलाने येत होत्या. गाड्या जोडणारा-सोडणारा कर्मचारी, म्हणजे पॉइंट्समन, हातात झेंडी धरून रुळांच्या कडेला उभा. शेवटचं हातभर अंतर उरलं तेव्हा इंजिन जवळजवळ थांबलंच, मग पुन्हा किंचित सरकलं. कप्लरचे दोन लोखंडी पंजे एकमेकांत अडकले, ठण्णकन आवाज झाला आणि तो धक्का वाघिणीवाघिणीतून पुढे पळत गेलेला स्पष्ट ऐकू आला. पॉइंट्समनने वाकून ब्रेकच्या हवेचे होसपाइप जोडले, कॉक फिरवला, आणि हवा फुसकन पाइपातून धावली. त्याचे हातमोजे तेलाने काळे झालेले आणि कप्लरचा आतला पृष्ठभाग मात्र घासून घासून चांदीसारखा लखलखीत. माझ्या मते दिवसभरातला सगळ्यात चांगला फोटो तोच आहे, आणि त्यात इंजिनाचा चेहरा नाहीच.

पॉइंट्समन फलाटाजवळून परत जाताना मला म्हणाला, "मालगाडीचे फोटो काढता होय? लोक तर वंदे भारतचे काढायला येतात."

"काका, मी तुमच्या बँकरसाठीच आलोय," म्हटल्यावर हसला. "मग दुपारी वर जा. इथे नुसतं जोडणं दिसतं, जोर वर दिसतो."

हा जोर किती, याचा हिशेब सोपा आहे. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. अशा चढावर गाडीच्या वजनाचा जवळपास सदतिसावा भाग तिला सतत मागे खेचत असतो. हजार टनांच्या गाडीला साधारण २७ टन. गाडी साडेतीन हजार टनांची असेल तर पंचाण्णव टनांच्या आसपास, आणि चाकांचं घर्षण, वळणं वेगळीच. ६००० अश्वशक्तीच्या वरची डब्ल्यूएजी-९ (डब्ल्यूएजी-७ नंतरचं नवं इंजिन) निघताना जेमतेम ४७ टनांची ओढ देते, तीही रूळ कोरडे असतील तर. म्हणजे मैदानात जी गाडी एक इंजिन आरामात नेतं, तिला इथे तीन-चार लागतात. ती सगळी पुढेच का नाही लावत? कारण मग सगळा ताण पहिल्या काही कप्लरवर येईल. मागून रेटा मिळाला की तो ताण वाटला जातो, आणि मध्ये कुठे जोड तुटलाच तर मागचा भाग उतारावर सुटत नाही.

निघायच्या आधी पुढच्या इंजिनाने शिट्टी दिली. मागच्याने उत्तर दिलं. मग डब्ल्यूएजी-७ च्या ब्लोअरचा आवाज चढला आणि आतून टॅप चेंजरची, म्हणजे मोटरींचा व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या यंत्राची, ठक, ठक ऐकू येऊ लागली, एकेक नॉच (टप्पा) वर चढत चाललेला. थ्री-फेज डब्ल्यूएजी-९ मध्ये ही ठकठक नाही. तिचा आवाज सुरांसारखा सरकत चढतो. डोळे मिटून इंजिन ओळखता येतं ते यामुळेच. चाकं घसरू नयेत म्हणून त्यांच्यासमोर वाळू पडत होती. गाडी गेल्यावर रुळांवर तिची पांढरट रेघ उरली, आणि तीही मी टिपून घेतली.

आता उजेडाचं. इथले रूळ साधारण पूर्व-ईशान्येकडे चढतात. त्यामुळे सकाळी चढणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं आणि दुपार कलल्यावर तेच ऊन शेपटावर, म्हणजे बँकरवर येतं. भर दुपारी काहीही करू नये. रूळ तापलेले, इंजिनाच्या छतावरून गरम हवा उसळत असते आणि लांबच्या लेन्समधून सगळं पाण्यात पाहिल्यासारखं थरथरतं. म्हणून मी मधला वेळ शेअर जीपने घाट चढण्यात घालवला.

घाटरस्त्यावरून दरीपलीकडची लाइन जागोजागी दिसते. कडेला सोनकीचा पिवळा बहर अजून टिकून होता. इथून पुढचं सगळं काम मी रेल्वेच्या हद्दीबाहेरूनच केलं. रुळांलगत किंवा बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभं राहणारे लोक पाहिले की मला राग येतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घाटात तीन लाइन आहेत. एका गाडीच्या गोंगाटात दुसरी कधी येते ते कळत नाही. अचानक माणूस दिसला की लोको पायलटच्या मनावर काय येतं, याचाही विचार करायला हवा.

चढ फोटोत दाखवणं हे या भागातलं खरं आव्हान. समोरून काढला की चढ सपाट दिसतो. मी लांबून, २०० मिलिमीटरच्या पुढे, वळणावर काढतो आणि फ्रेम विजेच्या खांबांवरून सरळ करतो. खांब नेहमी उभेच असतात. ते उभे धरले की रूळ आपोआप तिरके दिसतात. गाडी इतकी हळू चढते की शटर १/३२० ला ठेवलं तरी भागतं. चाकं फिरताना दिसावीत म्हणून काही फोटो १/३० ला पॅन करून, म्हणजे कॅमेरा गाडीबरोबर फिरवत, घेतले. पेंटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, मात्र अख्खा फ्रेममध्ये हवा. तो कापलेला फोटो मी ठेवत नाही.

याच घाटातला एहेगावचा रेल्वे पूल दुपारच्या उन्हात पाहावा. दरीच्या तळापासून उठलेले त्याचे उंच दगडी खांब आणि त्यावरून सरकणारी गाडी. १८६५ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने हा घाट खुला केला तेव्हा वाफेची इंजिनं हाच चढ चढत होती. १९३० मध्ये इथे १५०० व्होल्टची डीसी वीज आली आणि तिच्याबरोबर डब्ल्यूसीजी-१ इंजिनं, ज्यांना रेल्वेतले लोक 'खेकडा' म्हणायचे. त्यातला एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पुढे कित्येक वर्षं इगतपुरीला डीसी आणि एसीची हद्द होती, गाड्यांची इंजिनं तिथे बदलावी लागत. आता सगळीकडे २५,००० व्होल्टची एसी आहे, पण बँकर उरलेच. चढ तोच आहे, त्याला कोण काय करणार?

चार वाजल्यानंतर हवं ते मिळालं. टँकरची रेक वळणावर आली, पुढचं इंजिन कड्याआड गेलं आणि फ्रेममध्ये उरल्या फक्त वाघिणी आणि मागच्या तीन डब्ल्यूएजी-९, तिन्हींवर तिरपं ऊन. शेवटच्या इंजिनावर 'अजनी' हे त्याच्या नागपूरच्या शेडचं नाव लिहिलेलं लेन्समधून वाचता आलं. ती रेक दिसेनाशी होईपर्यंत मी काढत राहिलो.

त्याच वेळी पलीकडच्या लाइनवरून एक मालगाडी उतरत होती. डब्ल्यूएजी-९ उतारावर ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटरी वीज तयार करून तारेत परत सोडतात, आणि ती वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते. एका फ्रेममध्ये दोन्ही गाड्या आल्या. हा फोटो मोठा छापून घेणार आहे.

संध्याकाळी इगतपुरीहून कसाऱ्याला उतरलो, तर मघाचेच बँकर एकमेकांना जोडून खाली परतले होते आणि पुढची रेक त्यांची वाट पाहत उभी होती. उजेड संपेपर्यंत आणखी एक जोडणी टिपली, नंबर वहीत लिहून घेतले आणि साडेसहानंतरची लोकल धरली.