पाया दुरुस्त केलेल्या घराचा विमा

आमचं घर वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावठाणात आहे. जमीन काळी, भारी. बाबांनी १९९४ मध्ये घर बांधलं तेव्हा दगडी पाया कंबरेइतका खोल घेतला आणि थांबले. खालचा टणक मुरूम लागेपर्यंत खणायला हवं होतं, पण त्या वर्षी कापसाचे पैसेच तेवढे आले होते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी आकसते की भेगेत अख्खा हात जातो. कपाशीला चालतं, भिंतीला चालत नाही. त्यात मागच्या न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात मुरलं. मागची खोली एका अंगाने बसली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा वर गेला, दार चौकटीत बसेना.

२०१९ मध्ये दुरुस्ती केली. हिंगणघाटच्या इंजिनिअरने आधी काहीच फोडलं नाही. तड्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख लिहिली आणि निघून गेला. पावसाळा लागला तशा पट्ट्या तडकल्या, म्हणजे भिंत अजून हलत होती. मग काम निघालं. पाया एकदम उघडा न पाडता तुकड्या-तुकड्याने खणला, मुरुमापर्यंत काँक्रीट भरलं, जोत्याला आरसीसी बीम दिला, तडा खाचून त्यात आडव्या सळया बसवल्या, न्हाणीचं पाणी पाइपने लांब काढलं आणि घराभोवती कोबा केला. शेवटी नव्या काचा चिकटवल्या. त्या आजही शाबूत आहेत. आईला त्या अजिबात आवडत नाहीत, सणाला रंगकाम निघालं की काढा म्हणते. मी काढू दिल्या नाहीत.

विम्याचा विषय निघाला तो वैशाखातल्या वादळानंतर. शेजारच्यांच्या टिना, म्हणजे छपराचे पत्रे, उडून आमच्या अंगणात पडल्या. गावात पिकाचा विमा सगळ्यांना माहीत, घराचा कोणाला नाही. ओळखीच्या एजंटाने फॉर्म आणला. त्यात घराचं वय, बांधकामाचा प्रकार हे होतंच. शिवाय पूर्वी काही नुकसान किंवा मोठी दुरुस्ती झाली का, हाही प्रश्न होता. एजंट म्हणाला, "काऊन लिहिता ते रिपेरिंगचं? नाही म्हणून टाका नं भाऊ. इथं कोण पाहाले येते?"

पाहायला कोणी येत नाही हे खरंच. पण ते विमा काढताना. मोठं नुकसान झालं की ते तपासायला सर्व्हेअर येतो, आणि जोत्याचा बीम काही लपत नाही. महत्त्वाची माहिती दडवली म्हणून दावा नाकारायला कंपनीला तेवढंच पुरतं. मी 'हो' लिहिलं आणि जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला.

पहिल्या कंपनीने कारण न देता नाही सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी दुरुस्तीपेक्षा गावठाणाचंच वावडं निघालं. सातबारा मागत होते. गावठाणातल्या घराला सातबारा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा नमुना ८ चा उतारा आणि घरटॅक्सची पावती दाखवली, तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी काम झालं ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या तिसऱ्या कंपनीत. पॉलिसी मात्र तिन्हीकडे एकच: 'भारत गृह रक्षा'. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाईने १ एप्रिल २०२१ पासून घराच्या विम्याचा हा प्रमाणित नमुना लागू केला, त्यामुळे कंपनी बदलली म्हणून या पॉलिसीच्या मूळ अटी बदलत नाहीत. बदलतो तो तुमच्या घराकडे बघणारा माणूस.

इथल्या अधिकाऱ्याने जोडलेला कागद आधी वाचला. मग इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, ठेकेदाराची बिलं आणि कामाच्या वेळचे फोटो मागितले. फोटो बाबांनी काढून ठेवलेले होते, ते ठेकेदार सिमेंट कमी घालतो या संशयापोटी! त्यात उघडा पाया, सळया, मुरुमाची पिवळसर माती सगळं दिसत होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस घरी आला. भिंतीवर बोटाने टकटक करत फिरला आणि काचांपाशी थांबला. तारीख वाचली, टॉर्च मारून कडेची सिमेंटची टिकली पाहिली, मोबाइलमध्ये जवळून फोटो घेतला. "हे चांगलं केलं तुम्ही," एवढंच म्हणाला. आईने त्याला चहा दिला आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

गोठा त्याने यादीतून काढला. कुडाच्या भिंती आणि वर गवत, ते कच्च्या बांधकामात मोडतं. समोरच्या खोलीत चांगल्या दराची वाट बघत पडलेल्या कापसाचं मी विचारलं. तो म्हणाला, ते घरसामान नाही, मालाचा विमा वेगळा. आमच्याकडे अर्ध्या गावाचा कापूस घरातच असतो, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

विम्याची रक्कम बाजारभावावर धरत नाहीत, जागेची किंमत त्यात येतच नाही. चटईक्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च. आमचं ८० चौरस मीटर, दर १६,००० रुपये धरला, झाले १२ लाख ८० हजार. घर आणि सामान दोन्ही घेतलं की सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देता मिळतात. म्हणजे आम्हाला २ लाख ५६ हजार. दागिन्यांचं वेगळं घ्यावं लागतं, रोख रकमेला संरक्षणच नाही. वर्षाचा हप्ता जीएसटी धरून हजाराच्या आत आला. एवढ्या हप्त्यासाठी एजंट खेड्यात हेलपाटे का घालत नाहीत, तेही समजलं.

पॉलिसी हाती आल्यावर मी सगळ्यात आधी जमीन खचण्याचं कलम काढलं. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांच्याबरोबर जमीन खचणंही त्यात आहे. पण खाली अपवाद आहेत: नेहमीच्या भेगा, नव्या बांधकामाचं बसणं, भरावाच्या जमिनीची हालचाल, सदोष रचना किंवा निकृष्ट काम, आणि बांधकाम वा दुरुस्ती चालू असल्याने झालेलं नुकसान. म्हणजे काळ्या मातीने भिंतीला पुन्हा तडा दिला तर पैसे मिळतील, या आशेवर राहायचं नाही. हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग ज्याची भीती, तेच नाही नं त्यात!" खोटं नाही. तरी वादळाने टिना गेल्या, वीज पडली, शॉर्टसर्किटने घर पेटलं, तर आहे. बाकी मातीचा बंदोबस्त कोबा आणि न्हाणीचा पाइप यांनीच करायचा.

आता बाबांना स्लॅबवर एक खोली काढायची आहे. इंजिनिअरला विचारलंय, जुना पाया ते वजन घेईल का ते बघून सांगतो म्हणाला. त्याचं उत्तर आलं की काम सुरू करायच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवणार आहे.