बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत

लॅब्रेडॉर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रुंद पाठीचा, गोलमटोल, डुलत डुलत चालणारा कुत्रा येतो. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये तसेच दिसतात आणि मी राहते त्या केंब्रिजमध्येही संध्याकाळी मिडसमर कॉमनवर गेलं की तसे बरेच भेटतात. त्यामुळे आमची मिरी लोकांना हडकुळी वाटते. काळी लॅब्रेडॉर, वजन २८ किलो, कंबर स्पष्ट दिसणारी. तिचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की सांगलीची मावशी लगेच विचारते, "अगं, किती वाळलीय पोर! खायला घालतेस ना नीट?" मावशीची काळजी खरी आहे. दारचं जनावर भरलेलं दिसावं, त्यावरून घराची परीक्षा होते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण मिरी वाळलेली नाही. तिचं वजन जिथे असायला हवं तिथेच आहे, आणि ते ओळखायचं कसं हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

मला हे शिकवलं आमच्या दवाखान्यातल्या नर्सने. इंग्लंडमध्ये प्राण्यांच्या दवाखान्यातली नर्स ही रीतसर शिकलेली, नोंदणी झालेली असते आणि वजनाचं काम बऱ्याच ठिकाणी तिच्याकडेच असतं, पुष्कळदा त्याचे पैसेही घेत नाहीत. बाहेरच्या खोलीत जमिनीलगत सपाट काटा ठेवलेला असतो. मिरी आपणहून त्यावर जाऊन बसते, कारण उतरल्यावर किबलचा (कुत्र्यांच्या कोरड्या तयार खाण्याचा) एक दाणा मिळतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. नर्सने आकडा लिहून घेतला आणि म्हणाली, "हा आकडा मागच्या वेळेशी ताडून बघायला. कुत्रा जाड आहे की बारीक, ते हाताने कळतं."

मग तिने मला माझ्याच हातावर दाखवलं. मूठ आवळायची आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवायची. हाडं टोकदार लागतात. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा बारीक आहे. आता मूठ सोडून हात पालथा धरायचा आणि बोटं जिथे सुरू होतात तिथे फिरवायचं. पातळ कातडीखाली एकेक हाड सहज मोजता येतं, पण टोचत नाही. बरगड्या अशा हव्यात. शेवटी हात उताणा करून तळव्याच्या वरच्या कडेला, बोटांच्या मुळाशी चाचपायचं. तिथे मांस आहे, दाबल्याशिवाय हाड लागत नाही. बरगड्या शोधायला असं दाबावं लागलं तर वजन जास्त झालंय. हे सगळं केसांवरून हलक्या हाताने, दोन्ही तळवे छातीच्या दोन बाजूंना ठेवून करायचं. लॅब्रेडॉरची कातडी जाड आणि केस दाट, त्यामुळे बोटांची टोकं न वापरता सपाट बोटांनी चाचपणं बरं.

हातानंतर डोळे. कुत्रा उभा असताना वरून बघायचं. बरगड्या संपल्या की मागे दोन्ही बाजूंनी आत गेलेली कंबर दिसायला हवी. मग खाली बसून बाजूने बघायचं. छातीची खालची रेघ मागच्या पायांकडे जाताना वर चढली पाहिजे. ती सरळ आडवी गेली किंवा खाली लोंबली तर चरबी साठलीय. शेपटीच्या मुळाशीही एकदा बोटं फिरवावीत, तिथे चरबीची गादी लवकर तयार होते.

या सगळ्याला एक मोजपट्टी आहे, बॉडी कंडिशन स्कोअर. डॉ. डॉटी लाफ्लाम यांनी १९९७ मध्ये कुत्र्यांसाठी १ ते ९ अशी पट्टी मांडली आणि आज जगभरचे पशुवैद्य ती वापरतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिस्थूल, आणि ४ ते ५ म्हणजे बरोबर. ५ च्या वरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण १० टक्के जादा वजन. म्हणजे ३६ किलोच्या कुत्र्याचा स्कोअर ७ आला तर तो २० टक्के जड आहे, आणि ३६ ला १.२ ने भागलं की त्याचं योग्य वजन निघतं, ३० किलो. तक्त्यातलं "लॅब्रेडॉर मादी, अमुक ते तमुक किलो" यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण एकाच जातीत लहान-मोठ्या चणीची कुत्री असतात. मिरीची चण बारीक आहे. तिच्याच उंचीचा पण आडव्या हाडाचा कुत्रा ३२ किलोलाही अगदी योग्य असू शकतो.

एवढी खटपट कशासाठी, असं मावशी विचारेल. त्याला माझ्याकडे एक उत्तर आहे आणि ते मी कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर अभ्यासलं गेलं. जोडीतल्या एकाला जेवढं मिळे त्यापेक्षा दुसऱ्याला २५ टक्के कमी. निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री त्याहून जास्त जगली, निम्मी कमी) १३ वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि सांध्यांचं दुखणंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागलं. यातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. जास्त खाणारी कुत्री काही ढोली नव्हती. त्यांचा सरासरी स्कोअर होता ६.७. असा कुत्रा सोसायटीत फिरताना दिसला तर आपण म्हणू, वा, काय छान तब्येत आहे! आपली नजर आजूबाजूच्या कुत्र्यांवर तयार झालेली असते आणि आजूबाजूचे बरेचसे जाडच असतात. म्हणून माझा डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास जास्त.

आता लॅब्रेडॉर इतका खादाड का? याचं निदान एक उत्तर माझ्याच गावातून निघालंय. केंब्रिज विद्यापीठातल्या डॉ. एलिनॉर रफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की इथल्या सुमारे पाव लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळलेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचवणाऱ्या साखळीत हे जनुक असतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यातल्या बिघडलेल्या प्रत्येक प्रतीमागे वजन सरासरी १.९ किलोने वाढलेलं सापडलं. आणि अंध-अपंगांना मदत करणाऱ्या ज्या लॅब्रेडॉरची तपासणी झाली, त्यांच्यात हे प्रमाण तब्बल ७६ टक्के होतं! खाऊसाठी काहीही शिकायला तयार असलेलं पिल्लूच अशा कामासाठी निवडलं जात असणार.

२०२४ मध्ये त्याच गटाने आणखी एक प्रयोग छापला. पोटभर न्याहारी झालेल्या कुत्र्यांसमोर तीन तासांनी पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. वास येतोय, दिसतंय, पण काढता येत नाही. बदललेलं जनुक असलेली कुत्री त्या डब्याशी कितीतरी जास्त वेळ झटत राहिली. वर त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी जाळतं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. तेव्हा एखाद्याचा लॅब्रेडॉर जाड दिसला की "मालक आळशी" असा शेरा मारणाऱ्यांवर मला मनापासून राग येतो. काही घरांत ही लढाई दुप्पट अवघड असते.

ती लढाई मुख्यतः स्वयंपाकघरात होते. मिरीच्या वजनाच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या लॅब्रेडॉरला दिवसाला साधारण १,१०० ते १,३०० किलोकॅलरी पुरतात. वरचा खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत असावा असं सगळे पशुवैद्य सांगतात, म्हणजे फार तर १२० किलोकॅलरी. चेडर चीजचा ३० ग्रॅमचा तुकडा, म्हणजे आगपेटीएवढा, तेवढ्यातच हा कोटा संपवतो. केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर गावाच्या बाजूला फिरायला गेलं की पबमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटांची बरणी ठेवलेली असते, वाटेत भेटणाऱ्या आजींच्या खिशात काहीतरी असतंच. हे सगळं प्रेमाने येतं आणि मी नाही म्हणत नाही. फक्त मिरीच्या रोजच्या किबलमधून सकाळीच मूठभर काढून डबीत ठेवते आणि आजींच्या हातात तेच देते. किबल मी कपाने मोजत नाही, स्वयंपाकाच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजते. कप प्रत्येकाच्या हातून वेगळा भरतो.

आपल्याकडे घरोघरी असलेला पांढरा स्पिट्झ, ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात, त्याचा हिशेब तर फारच नाजूक. पाच किलोच्या कुत्र्याची दिवसभराची गरज ३५० किलोकॅलरीच्या आसपास. तूप लावलेली एक पोळी म्हणजे त्याच्या दिवसाच्या अन्नाचा तिसरा हिस्सा. ती पोळी सकाळी आजोबांनी दिली, दुपारी कामवाल्या मावशींनी आणि रात्री मुलांनी, तर कोणीच जास्त दिलेलं नसतं आणि कुत्र्याचा दिवस केव्हाच भरून वाहिलेला असतो. त्यात स्पिट्झचे केस एवढे, की कंबर दिसणं शक्यच नाही. अंघोळीत अंग ओलं झालं की खरा आकार कळतो, एरवी हाताशिवाय पर्याय नाही.

उलट टोकाला ग्रेहाउंड. शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड इथे बरेच लोक दत्तक घेतात, आणि त्यांच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या नुसत्या डोळ्यांना दिसणं ठीकच असतं. आपला कारवानी किंवा मुधोळ हाउंड त्याच बांध्याचा. त्याला लॅब्रेडॉरच्या मापाने भरवायला जाणं त्याच्यावर अन्याय आहे.

काही गोष्टी मात्र घरी चाचपून सुटणाऱ्या नाहीत. कुत्रा नेहमीसारखा खातोय, किंवा जास्तच खातोय, आणि तरी वजन उतरतंय, तर मधुमेह किंवा जंत असू शकतात. आपल्याकडे गोचीड तापानेही कुत्री झपाट्याने उतरतात. खाणं तेवढंच आणि वजन चढतंय, केस विरळ होताहेत, सुस्ती आलीय, तर थायरॉइड तपासावं. पोट नगाऱ्यासारखं पण पाय आणि डोकं बारीक, अशा कुत्र्याला जाड समजून उपाशी ठेवू नये, आधी दवाखाना गाठावा. म्हातारपणी मांड्यांचे आणि डोक्यावरचे स्नायू झडतात आणि त्या जागी चरबी येते. काट्यावर आकडा तोच राहतो.

मागच्या महिन्यात पुण्याहून दादाचा फोन आला. त्याचा ब्रुनो जिना चढताना मध्येच बसायला लागला होता. मी म्हटलं, "दादा, समोरून फोटो नको पाठवूस, स्टुलावर उभा राहून वरून काढ." फोटो आला. खांद्यापासून शेपटीपर्यंत ब्रुनो सरळ चौकोनी, कंबर कुठेच नाही. मग व्हिडिओ कॉलवर भाच्याला मुठीची परीक्षा करायला लावली. तो बराच वेळ चाचपत राहिला आणि म्हणाला, "आत्या, याला बरगड्या आहेत ना नक्की?" दुसऱ्या दिवशी ते पशुवैद्यांकडे गेले. वजन ३८ किलो, स्कोअर ७. म्हणजे गाठायचं ते सुमारे ३२ किलो. डॉक्टरांनी थायरॉइड तपासून घेतलं, ते ठीक निघालं. गुडघेही तपासले आणि धावणं बंद करून सकाळ-संध्याकाळ संथ चालायला सांगितलं, तेही उन्हं उतरल्यावर, कारण जाड कुत्र्याला उष्माघात लवकर होतो. आठवड्याला एक ते दोन टक्के, म्हणजे ४०० ते ७५० ग्रॅम, याहून वेगाने वजन उतरवायचं नाही असंही बजावलं.

आईची दुपारची पोळी बंद करायला दादा तयार नव्हता. तिला ब्रुनोच्या तोंडात घास घातल्याशिवाय जेवण जात नाही. मग ठरलं असं, की आई पाव पोळी देईल, तूप न लावता, आणि तेवढं किबल दादा ताटलीतून काढेल. बाकीच्या घासांसाठी आईने स्वतःच गाजर आणि काकडीच्या चकत्या कापून ठेवायला सुरुवात केली आहे. ब्रुनोला काकडी आवडते, गाजर तो आधी लोळवून मग खातो. फ्रिजवर कागद लावलाय, दर रविवारी भाचा त्यावर वजन लिहितो. पहिले तीन आकडे आहेत ३७.६, ३७.१ आणि ३६.८.