स्कॅटर प्लॉट काळाकुट्ट होतोय? मग हिस्ट२डी वापरून बघा

बेळगावच्या हवेचा तासातासाचा डेटा, आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर आर्द्रता, १० वर्षांचं घेतलं तर ८७ हजारांवर ठिपके होतात आणि मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) साधा स्कॅटर, म्हणजे प्रत्येक नोंदीला एक ठिपका, मारला की नुसता काळा ढग दिसतोय. कुठं गर्दी जास्त, कुठं कमी, काय कळत नाही. अल्फा (ठिपक्याचा अपारदर्शकपणा) ०.०५ करा, ठिपका बारीक करा, थोडा फरक पडतो, पण एवढ्या ठिपक्यांना ते पुरत नाही.

इथं मॅटप्लॉटलिबचंच हिस्ट२डी (hist2d) हे फंक्शन पाहिजेच. ते पानावर चौकोन पाडतं, प्रत्येकात किती नोंदी पडल्या ते मोजतं आणि आकड्याप्रमाणं रंग भरतं. डिफॉल्ट बिन्स, म्हणजे प्रत्येक अक्षाचे भाग, फक्त १०, त्यात सगळं ढोबळ दिसतं, ५०-६० करून बघा. सीमिन=१ (cmin, चौकोनात रंग भरायला लागणाऱ्या कमीत कमी नोंदी) दिलं की रिकामे चौकोन कोरे राहतात, आणि रंगाला लॉगनॉर्म (LogNorm, रंग लॉग प्रमाणात वाटणारी मोजपट्टी) लावा, नाहीतर जून ते सप्टेंबरच्या ओल्या गार तासांचा गठ्ठाच सगळा रंग खाऊन टाकतो आणि मार्च-एप्रिलची कोरडी दुपार दिसतच नाही.

एक गोष्ट मात्र नक्की बघा, आर्द्रता पूर्णांकात नोंदलेली असली तर बिनच्या कडा ४९.५, ५०.५ अशा द्या, नाहीतर एका बिनमध्ये दोन आकडे, शेजारच्यात एकच, आणि प्लॉटवर खोटे पट्टे उठतात, जे हवेत नसतातच!

स्कॅटर मी सोडलेला नाही हं. खानापूर, कणकुंबी, गोकाक, अथणी असं ठिकाणागणिक वर्षाचा पाऊस आणि समुद्रसपाटीपासूनची उंची मांडायची तर ठिपके मोजकेच, तिथं स्कॅटरच बरा.