बंड्यासाठी घर शोधताना

आत्याचे खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर तिने साताऱ्यात एकटीने राहू नये असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा ती आमच्याकडे ठाण्याला येणार हे लगेच ठरले. प्रश्न होता तो बंड्याचा. बंड्या हा तिने पिल्लू असल्यापासून वाढवलेला सात वर्षांचा गावठी कुत्रा. आमच्या धाकट्याला दमा आहे आणि कुत्र्याच्या सहवासात त्याचा त्रास हमखास बळावतो, त्यामुळे बंड्याला इकडे आणता येणार नाही, हे आम्ही बोलण्याआधी आत्यानेच बोलून दाखवले.

‘एखाद्या मळ्यात सोडून या, कुत्रा कुठेही जगतो,’ असे अनेकांनी सुचवले. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. घरात वाढलेल्या कुत्र्याला अन्न शोधण्याची सवय नसते, रहदारीचे भान नसते आणि प्रत्येक वस्तीवर आधीपासून असलेली कुत्री परक्याला आपल्या हद्दीत सहसा टिकू देत नाहीत. सबळ कारणाशिवाय प्राण्याला भुकेने किंवा तहानेने हाल होण्याची शक्यता असलेल्या स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात १० ते ५० रुपये इतकाच दंड आहे, ही खेदाची बाब आहे.

घर शोधायला सुरुवात करण्यापूर्वी मी आत्याजवळ बसून बंड्याची सगळी माहिती लिहून काढली, आणि या कामात सर्वांत महत्त्वाचे काही असेल तर ते हेच, असे माझे ठाम मत आहे. नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दरवर्षी वेळेवर दिलेली आहे, या जमेच्या बाजू सांगणे सोपे होते. पण फटाक्यांच्या आवाजाने तो बिथरतो आणि फाटक उघडे दिसल्यास पळ काढतो, जेवताना कोणी ताटलीला हात लावला तर गुरगुरतो, मांजरांच्या मागे लागतो, हेही मी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. असे लिहिल्यास कोणी त्याला घेणार नाही, अशी भीती घरच्यांना वाटत होती. काही जणांनी ते वाचून खरोखरच नकार दिला, आणि लहान मुले असलेल्या घराचा नकार तर मला योग्यच वाटला. कारण लपवलेली गोष्ट महिनाभरात उघड होते, मग कुत्रा परत येतो किंवा परस्पर तिसऱ्याच्या हाती जातो, आणि प्रत्येक बदलाबरोबर त्या मुक्या जिवाचा माणसावरचा विश्वास कमी होत जातो.

‘राखणीला हवा आहे,’ असे म्हणणाऱ्यांना मी रात्री तो कुठे झोपेल आणि दिवसा किती वेळ साखळीला असेल, हे विचारीत असे. अखेर वाईजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याने होकार दिला. त्यांचे कुंपण पाहून आलो, घरातल्या सर्वांची संमती आहे ना हे विचारून घेतले, आणि मग ते दोघे साताऱ्याला येऊन त्याला फिरवून आणू लागले, जेणेकरून तो त्यांच्याकडे जाईल तेव्हा ती माणसे तरी त्याच्या ओळखीची असतील. लसीकरणाचे कार्ड, नेहमीचे खाणे आणि आत्याच्या जुन्या लुगड्याची घडी त्याच्याबरोबर दिली. सुरुवातीचे काही आठवडे आवारातसुद्धा त्याला पट्ट्याशिवाय सोडू नये, अशी विनंतीही केली, कारण नव्या जागेतून कुत्री पळून जातात ती बहुधा याच काळात.

पहिले दोन दिवस बंड्या फारसा जेवला नाही. आत्याला लगेच त्याच्याकडे जायचे होते, परंतु तो तिथे रुळेपर्यंत तिने थांबावे, असे गुरुजींनी सुचवले आणि तिने ते मोठ्या कष्टाने मान्य केले. आता त्यांचा अधूनमधून फोन येतो. जमत नसेल तर त्याला दुसऱ्या कोणाकडे न देता आधी आम्हाला कळवावे, असे आम्ही त्यांच्याकडून लिहून घेतले आहे, आणि तशी वेळ आलीच तर नवे घर सापडेपर्यंत त्याला सांभाळण्याचे साताऱ्यातल्या माझ्या चुलतभावाने कबूल केले आहे.