नंबर आणा, मग फाइल बघू

पुस्तकावरून सिनेमा काढण्यात अवघड काय, असं कुणी विचारलं की त्याला वाटतं मी पैसा म्हणेन. मी म्हणतो, एक जुनी फाइल. तिच्यापायी माझे अकरा महिने गेले. राग अजून गेलेला नाही.

पुस्तक चंदगड भागातल्या १९३०च्या दशकातल्या एका खुनाच्या खटल्यावरचं. कादंबरी नव्हे, घडलेली हकीकत. लेखक १९८७ साली वारले. लेखकामागं साठ वर्षं हक्क वारसांकडं राहतो, म्हणजे इथं २०४७ अखेरपर्यंत. तिन्ही वारस भेटले, कुंदा खाल्ला, सह्या झाल्या. (सह्या तिघांच्याही घ्या. "मी दादाला सांगतो" यावर विसंबू नका.) पटकथाही झाली.

मग निर्मात्याच्या वकिलांनी पटकथा वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "या दुसऱ्या आरोपीला तुम्ही खुनी दाखवलाय. कोर्टानं ठरवलं होतं का?" पुस्तकात तसं लिहिलंय म्हटलं, तर हसले. घरच्यांना दुखवायच्या हेतूनं केली तर मेलेल्या माणसाची बदनामीही गुन्हा ठरते, आणि त्याचं घराणं त्याच गावात नांदतंय. "निकालाची नक्कल आणा." कोर्टानंच मनाई केली नसेल तर निकाल कुणालाही वापरता येतो, परवानगी लागत नाही. ऐकायला सोपं वाटलं.

खटला बेळगावात चालला होता. तिथल्या कचेरीचं नाव घेत नाही. अर्ज कन्नडातच हवा होता. मला कन्नड बाजारापुरतं येतं, लिहिता येत नाही. बाहेर झाडाखालच्या टायपिस्टकडून करून घेतला. आपण खटल्यातले पक्षकार नसलो तर नक्कल कशाला हवी याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, तेही जोडलं. खिडकीतल्या माणसानं अर्ज उलटापालटा केला.

"केस नंबर?"

"नंबर नाही. साल आहे, गाव आहे, आरोपींची नावं आहेत."

"नंबर आणा की हो."

"नंबर कुठं मिळंल?"

"रजिस्टरात."

"मग रजिस्टर बघू द्या की."

"नंबर नसताना आत कसं सोडायचं?"

हे पाच महिने चाललं. कधी साहेब रजेवर, कधी कपाटाची किल्ली रजेवर. "नाळे बन्नी," उद्या या. कर्नाटकात काही गावांत दारावर "नाळे बा" लिहायचे, म्हणजे भूत ते वाचून उद्या यायचं म्हणून परत जायचं. त्या भुताचं दुःख मला कळलं.

सहाव्या महिन्यात खिडकीला नवा शोध लागला. "चंदगड? ते महाराष्ट्रात. फाइल तिकडं गेली असणार." १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा चंदगड तालुका तेवढा काढून मुंबई राज्यात ठेवला, हे खरं. पण खटला चालला तेव्हा चंदगड बेळगावातच होतं! वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडली, शिनोळीत महाराष्ट्र लागला, पुढं गेलो. तिकडच्या कचेरीतला माणूस गोड बोलला, मराठीत बोलला, आणि म्हणाला, "खटला बेळगावात चालला ना? मग तिकडंच असणार." सीमाप्रश्न लहानपणापासून ऐकतोय; तो एका फाइलीलाही लागू होतो हे माहीत नव्हतं. कुणी म्हणालं धारवाडला जा, हायकोर्टाचं खंडपीठ आहे. गेलो. ते खंडपीठ २००८ साली आलं, तिथं १९५६ आधीचं अपील कसं असेल? हे निघायच्या आधी सुचायला हवं होतं.

नंबर शेवटी मीच काढला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका निवृत्त वकिलांच्या माडीवर "बॉम्बे लॉ रिपोर्टर"चे बांधीव खंड होते. दोन दिवस धूळ खाल्ली आणि अपील सापडलं, नंबरासकट. फाशीच्या शिक्षेला हायकोर्टाची मंजुरी लागते, आणि त्या काळी आपलं हायकोर्ट मुंबई. तिथं अर्ज टाकला, नक्कल आली. तुमचं प्रकरण या भागातलं, १९५६ आधीचं आणि फाशीचं असेल तर पहिला अर्ज मुंबईलाच करा. साक्षीपुराव्याचे कागद मुदतीनंतर नष्ट करतात, त्यांची आशा फार धरू नका. आम्हाला एक पंचनामा मिळाला तो मोडी लिपीत; वाचणाऱ्याशी दर आधी ठरवा.

या धावपळीत आणखी एक राहिलं होतं. करारात वेगळं लिहिलं नसेल तर घेतलेला हक्क वर्षभर न वापरल्यास संपतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमच्या करारात यातलं काहीच नव्हतं, आणि अकरावा महिना चालू होता. पुन्हा कुंदा घेऊन गेलो, पुन्हा तीन सह्या.

निकालात काय निघालं? पहिल्याची फाशी कायम. दुसरा अपिलात निर्दोष. पुस्तकात अपिलाचं प्रकरणच नाही. शेवटची वीस पानं आम्ही फाडली आणि नव्यानं लिहिली.

शूटिंगची जागा बघायला गेलो तेव्हा त्या दुसऱ्याचा नातू भेटला. पटकथेची चौकशी त्यानं केली नाही. निर्दोष म्हटलंय ते पान कुठलं, एवढं विचारलं. दोघं चंदगडला स्टँडजवळ गेलो, झेरॉक्स काढली. पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.