नवी सुई, तरीही गळती

माझ्या १९६५ च्या मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीच्या कार्बोरेटरची (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) गळती थांबवायला मला सहा आठवडे लागले, आणि त्यातले प्रत्यक्ष काम जेमतेम दोन तासांचे होते. उरलेला सगळा वेळ सुट्या भागांची वाट पाहण्यात आणि जो भाग बिघडलेलाच नव्हता तो पुन्हा पुन्हा बदलण्यात गेला. त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात वासाने झाली. एका सकाळी गॅरेजमध्ये पेट्रोलचा उग्र वास भरून राहिला होता. किल्ली फिरवून बॉनेट उघडले तेव्हा फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरला जोडलेल्या पेट्रोलच्या छोट्या भांड्याच्या, बुडाशी थेंब धरत होता आणि तो पडला की थोड्या वेळाने दुसरा धरत होता. या गाडीला एसयू कंपनीचा एचएस२ मॉडेलचा कार्बोरेटर आहे. तिच्या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत जाण्याची वाट) आणि एक्झॉस्ट (जळालेला वायू बाहेर जाण्याची वाट) एकाच बाजूला असल्यामुळे एक्झॉस्टचा तापणारा भाग कार्बोरेटरच्या खालीच येतो, आणि म्हणून ही गळती ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. मी बॅटरीची तार काढली, गाडी ढकलत उघड्यावर आणली आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवूनच पाना हातात घेतला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. बंद गॅरेजमध्ये हे काम कृपा करून कोणी करू नये.

पहिली गळती सोपी होती. फ्लोट चेंबरच्या बुडातून जेटकडे, म्हणजे ज्या बारीक छिद्रातून पेट्रोल इंजिनात जाणाऱ्या हवेत मिसळते त्याच्याकडे, जाणारी नायलॉनची बारीक नळी जिथे बसते, तिथले रबरी सील कडक होऊन चिरले होते. दुरुस्तीचा संच मागवला आणि तिथेच पहिले तीन आठवडे गेले. माझ्या कार्बोरेटरच्या झाकणावरील एका स्क्रूखाली क्रमांकाची छोटी अॅल्युमिनियमची पट्टी शाबूत आहे. तो क्रमांक मी विक्रेत्याला स्पष्ट लिहून कळवला होता, तरी त्याने मोठ्या मापाच्या एचएस४ चा संच पाठवला. तो परत करून योग्य संच मिळेपर्यंत गाडी जागची हलली नाही. ही पट्टी तुमच्या कार्बोरेटरवर असेल तर ती सांभाळा आणि आलेला संच उघडण्यापूर्वी त्याच्यावरचा क्रमांक स्वतः ताडून पाहा. सील बसवताना नळीचे टोक धातूच्या कड्याच्या पुढे निदान ५ मिमी तरी बाहेर असले पाहिजे, मग त्यावर रबर चढवायचे. नट बेताने आवळला आणि बूड कोरडे झाले.

त्याच दिवशी मी पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळीही बदलली, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या नळीला भेगा पडल्या होत्या. नवी नळी अशा पेट्रोलला टिकणारी, एसएई जे३० आर९ या मानकाची घेतली. निवड योग्यच होती, पण ती बसवताना मी जी घाई केली तिनेच पुढचे तीन आठवडे खाल्ले.

आता चेंबरच्या झाकणावरील, जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल वाहू लागले. चेंबरमध्ये पेट्रोल ठरलेल्या पातळीला आले की वर उचलला गेलेला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) एका छोट्या सुईला तिच्या बैठकीत दाबतो आणि पेट्रोलची वाट बंद होते. ओव्हरफ्लो होतो तेव्हा ही वाट बंद होत नसते. संचात नवी सुई आणि बैठक होतीच, ती मी लगेच बसवली. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरल्याचा आवाज नव्हता. झाकण उलटे धरून फ्लोट आणि झाकणाची कड यांच्यातले अंतर पाहिले, ते ३ ते ५ मिमी असायला हवे आणि तेवढेच होते. पहिल्या दिवशी सारे ठीक चालले, दुसऱ्या दिवशी पुन्हा धार लागली.

माझा समज असा झाला की नवी सुईच सदोष आली आहे. दुसरी मागवली, दोन आठवडे थांबलो, ती बसवली. एक संपूर्ण दिवसही ती टिकली नाही. त्या संध्याकाळी मी इतका वैतागलो होतो की अख्खा कार्बोरेटरच बदलून टाकण्याच्या विचारात होतो. अशा गाड्यांवर आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त मेकॅनिक काकांना फोन केला. त्यांनी सुईबद्दल काहीच विचारले नाही. “इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरव आणि पंप ऐक,” एवढेच ते म्हणाले. या गाडीचा पंप विजेवर चालतो आणि टिक-टिक वाजतो. चेंबर भरले की तो गप्प व्हायला हवा. माझा पंप सात-आठ वेळा भराभर वाजला आणि नंतर दर दोन-तीन सेकंदांनी एकेक टिक करत राहिला. ते फोनवर ऐकून काका म्हणाले, “सुई बसते आहे, पण पूर्ण बसत नाही. तिच्याखाली काहीतरी आहे. तू सुया बदलतोस, पण काढलेली सुई कधी नीट पाहिलीस का?”

मी पाहिली नव्हती. भिंगाखाली धरली तेव्हा बैठकीच्या तोंडाशी नखाच्या कातरणाएवढी, वळलेली काळी साल चिकटलेली दिसली. चिमट्यात धरली तर ती लवत होती. ते रबर होते. पहिल्या नव्या सुईची बैठक मी डब्यात टाकून ठेवली होती, तिच्यातही तसाच एक तुकडा निघाला.

पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये मी फिल्टर लावलेला असल्यामुळे घाणीची शंका मला कधी आलीच नव्हती. पण साल सुटत होती ती फिल्टरच्या पुढच्या, शेवटच्या वीतभर तुकड्यातून. झाकणावरच्या धातूच्या नळीची कड धारदार होती, नवी नळी घट्ट होती, आणि मी ती पिळून पिळून चढवत होतो, पिळूनच काढत होतो. प्रत्येक वेळी ती कड आतून रबर खरवडत होती. म्हणजे मी जितक्या वेळा दुरुस्ती केली, तितक्या वेळा पुढच्या गळतीची सोय करून ठेवली.

खरा उपाय त्यानंतर लगेच झाला. धातूची कड बारीक पॉलिश पेपरने गोल केली आणि झाकण धुऊन घेतले. नळीचा तो तुकडा ओढत न बसता पात्याने उभा चिरून काढला. नव्या तुकड्याचे टोक गरम पाण्यात मऊ करून पूर्ण कोरडे केले आणि न पिळता सरळ ढकलले. सुई मुद्दाम पहिलीच, मी सदोष ठरवलेली, स्वच्छ करून बसवली. बंद करण्यापूर्वी झाकण उलटे धरून, पेट्रोलच्या वाटेला स्वच्छ कोरडी नळी लावून फुंकर मारली. फ्लोटच्या वजनाने सुई बसलेली असताना हवा जराही पुढे जात नव्हती. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि मी ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

एक महत्त्वाची गोष्ट आधी सांगायची राहिली. ओव्हरफ्लो होत असताना काही पेट्रोल जेटमधून थेट इंजिनात उतरू शकते. माझ्या डिपस्टिकला (इंजिनातल्या तेलाची पातळी पाहायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येत होता आणि तेलाची पातळी वाढलेली होती, म्हणून गाडी सुरू करण्याआधी मी इंजिनचे तेल बदलले. पातळ झालेल्या तेलावर इंजिन चालवले तर बेअरिंग झिजतात, तेव्हा गळती थांबल्याच्या आनंदात हे विसरू नका.

शेवटी किल्ली फिरवली. पंप आठ-नऊ वेळा वाजला आणि थांबला. मी घड्याळ लावून पाच मिनिटे बॉनेटपाशी उभा राहिलो. एकही टिक आली नाही. रात्री ओव्हरफ्लोच्या नळीखाली कोरा कागद अंथरून ठेवला होता, तो सकाळी तसाच कोरा होता.