वस्तरा पाजवताना : सातव्या महिन्याची नोंद

मी पुन्हा एक हजारच्या, म्हणजे धार बसवणाऱ्या भरड दगडावर उतरलो आहे, हे आधीच सांगून टाकतो (आकडा जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक). मागील दोन महिने आठ हजार आणि बारा हजारच्या दगडांवर फेरे देऊन धारेचा उतार आरशासारखा चमकू लागला होता, परंतु वस्तरा गालावर टेकवताच केस कापले न जाता ओढले जात. दोष वरच्या दगडांचाच असावा, अशा समजुतीने मी तेथेच फेरे वाढवत राहिलो. अखेर बेळगावच्या खडे बाजारातील एका वयस्कर केशकारागिरांना वस्तरा दाखवला. त्यांच्या दुकानातही आता अर्धे ब्लेडच वापरले जाते, पण धोपटीतला निसणा (धार लावायचा दगड) त्यांनी अजून जपला आहे. त्यांनी अंगठ्याच्या नखावरून धार टोकापर्यंत अलगद सरकवली आणि म्हणाले, "टाचेला धार बसलीच नाही की. नुसती झिलई काढलायस." टाच म्हणजे धारेचे मुठीकडचे टोक.

घरी येऊन धारेची कड काळ्या मार्करने रंगवली आणि एक हजारच्या ओल्या दगडावर, धार पुढे व पाठ (पात्याची धारेविरुद्धची जाड कड) टेकलेली ठेवून, दोनच फेरे दिले. टोकापासून मधल्या भागापर्यंतची शाई निघून गेली. टाचेजवळ मात्र सुमारे दीड सेंटीमीटर लांबीत केसाएवढी काळी रेघ तशीच राहिली. खरा उलगडा दुसऱ्याच ठिकाणी झाला : टाचेमागच्या जाड खांद्यावर चुकून लागलेली शाई पूर्ण पुसली गेली होती. खांदा दगडावर चढत होता आणि तोच टाच उचलून धरत होता. आता मी वस्तरा किंचित तिरका धरतो आणि खांदा दगडाच्या कडेबाहेर ठेवतो. साठेक फेऱ्यांनंतर ती रेघ गेली.

दुसरी चूक माझ्या आळसाची. पाठीवर कधी चिकटपट्टी लावायची, कधी नाही, असे चालले होते. माझ्या वस्तऱ्याची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार, म्हणजे धारेचा कोन सुमारे १६ अंश येतो, ०.१५ मिलिमीटरच्या पट्टीने तो जवळजवळ एक अंशाने वाढतो. पट्टी लावून केलेल्या धारेवर नंतर पट्टीशिवाय घासले, तर दगड धारेच्या मागेच घासत राहतो आणि कडेपर्यंत पोहोचतच नाही. आता पट्टी कायम, आणि झिजली की लगेच नवी.

दगड सपाट करण्यासाठी उद्यमबागेतील मित्राच्या कारखान्यातली सरफेस प्लेट (अगदी सपाट केलेला पाट) उपयोगी पडली. तिच्यावर पाण्याचा पॉलिशपेपर अंथरून, दगडावर पेन्सिलीने आखलेल्या चौकटी पुसल्या जाईपर्यंत तो घासला. चामोट्यासाठी, म्हणजे दगडानंतर धार ज्यावर फिरवायची त्या पट्ट्यासाठी, अथणीच्या एका चप्पल कारागिराकडून बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमावलेली चामड्याची पट्टी आणली आहे. ती अजून ताठ आहे, त्यामुळे तिच्यावर, पाठ पुढे ठेवून, पन्नासच फेरे देतो.

येथील पावसाळ्यात कार्बन पोलाद एका रात्रीत डागाळते. खोबरेल तेल थंडीत थिजते, म्हणून शिलाई मशीनचे तेल पुसटसे लावून ठेवतो.

रविवारची दाढी : दोन्ही गाल स्वच्छ, हनुवटीखाली अजून ओढ. पुढच्या खेपेस आठ हजारवरचे फेरे वीसऐवजी चाळीस देणार आहे. चामोट्यावर चोळायच्या हिरव्या क्रोमियम ऑक्साइडच्या पुडीला तूर्त हात लावणार नाही.